योगशिक्षक कोण, हे ठरवायचे कुणी?

सांताक्रूझ पूर्वेला, वाकोल्याच्या शेजारी 'द योग इन्स्टिट्यूट' ही जुनी संस्था आहे. श्रीयोगेंद्र यांनी ती १९१८ साली वर्सोव्याला, दादाभाई नवरोजींच्या घरात सुरू केली आणि पुढे ती सांताक्रूझला आली. तिच्यानंतर सहा वर्षांनी स्वामी कुवलयानंदांनी लोणावळ्याला कैवल्यधाम उभे केले. म्हणजे योग शिकवणारी माणसे घडवण्याचे काम आपल्या राज्यात शंभर वर्षे चालले आहे. असे असूनही सरकारी पैशातून योगशिक्षक नेमायची वेळ आली, की पहिला प्रश्न तोच निघतो. या माणसाकडे कागद कुठला पाहिजे? ज्याचा कागद बाजूला ठेवला जातो तो मग वकिलाचे घर शोधतो.

ग्रामीण पानावर हा विषय कशाला, असे काही वाचक म्हणतील. वाकोल्यात महापालिका आहे, मुंबई उपनगर जिल्ह्याला तर जिल्हा परिषदच नाही. तिथे महापालिकेने २०२२ साली शिव योग केंद्रे काढली, तो शहराचा मामला. पण आपल्या गावातल्या आरोग्य उपकेंद्राच्या पाटीवर आता 'आयुष्मान आरोग्य मंदिर' असे लिहिलेले असते. नोव्हेंबर २०२३ पासून हे नाव आले, त्याआधी ते 'आरोग्यवर्धिनी केंद्र' होते. या केंद्रांत गोळ्या आणि इंजेक्शनाच्या जोडीला योगाचे वर्ग घ्यायचे, असे धोरण आहे. वर्ग म्हटला की शिक्षक आला, शिक्षक म्हटला की जाहिरात आली, आणि जाहिरात आली की तक्रार आलीच.

आधी पैशाचे बघू. आयुष मंत्रालयाच्या योजनेतील केंद्रांसाठी काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत एका वर्गाला २५० रुपये धरले आहेत. पुरुष शिक्षकाचे महिन्याला ३२ वर्ग, म्हणजे ८ हजार रुपये. महिला शिक्षिकेचे २० वर्ग, म्हणजे ५ हजार. (गावात सकाळच्या वर्गाला बायाबापड्याच जास्त येतात, हे ज्याने पाहिले आहे त्याला हा हिशेब उलटा वाटेल. मलाही वाटतो.) रक्कम मोठी नाही. पण बारावी होऊन घरी बसलेल्या पोराला किंवा सासरी आलेल्या शिकलेल्या सुनेला गावातल्या गावात मिळणारे हे पैसे आहेत, आणि सरकारी केंद्रात काम केल्याचा दाखला पुढे उपयोगी पडेल ही आशा आहे. म्हणून अर्ज पडतात आणि भांडणही होते.

आता मूळ दुखण्याकडे येऊ. डॉक्टर कोण, हे कायद्याने ठरलेले आहे. वकील कोण, तेही ठरलेले आहे. आयुर्वेद, युनानी, सिद्ध यांच्यासाठी २०२० साली संसदेने भारतीय चिकित्सा पद्धतीचा राष्ट्रीय आयोग नेमणारा कायदा केला. त्या कायद्यात योग नाही. त्यामुळे अमुक शिकल्याशिवाय योग शिकवता येणार नाही असे सांगणारी, नोंदणी ठेवणारी आणि चुकल्यास नाव काढणारी देशपातळीवरची वैधानिक परिषद योगाला मिळाली नाही. आयुष मंत्रालयाच्या बाजूने २०१५ पासून योग व्यावसायिकांना परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची पद्धत सुरू झाली आणि २०१८ साली योग प्रमाणन मंडळ आले. त्यात योग प्रोटोकॉल प्रशिक्षक, योग वेलनेस प्रशिक्षक अशा चढत्या पायऱ्या आहेत. पण ही पद्धत ऐच्छिक म्हणून सुरू झाली. भरती करणाऱ्याने जाहिरातीत तिचे नाव घातले तर ती सक्तीची, नाही घातले तर नाही.

शेतकरी बंधूंना हे बियाण्याच्या पिशवीवरून लगेच कळेल. प्रमाणित बियाण्याला निळी खूणचिठ्ठी असते, ती देणारी यंत्रणा वेगळी आणि बियाणे विकणारा वेगळा. सत्यतादर्शक बियाण्यावर कंपनी स्वतःच लिहिते की उगवण इतकी आणि शुद्धता इतकी. ते वाईटच असते असे नाही, पुष्कळदा चांगले उगवते. मात्र शब्द कंपनीचा असतो. योगाची बाजारात फिरणारी बरीचशी प्रमाणपत्रे अशी सत्यतादर्शक जातीची आहेत. शिकवणारा तोच, परीक्षा घेणारा तोच आणि शिक्का मारणाराही तोच. काही संस्थांच्या शब्दाला शंभर वर्षांचे वजन आहे, तर काहींनी दहा दिवसांत चकचकीत कागद हातात ठेवलेला असतो. जाहिरातीत 'मान्यताप्राप्त संस्थेचे प्रमाणपत्र' एवढेच लिहिले, तर हे दोन्ही कागद एकाच टेबलावर येऊन पडतात. मान्यता कुणाची, हे लिहिलेले नसते. वाद तिथेच पेरला जातो.

असे वाद न्यायालयात गेले की काय होते? योगशिक्षकांसाठी वेगळा कायदा नसल्यामुळे इतर पदांच्या भरतीत जी मोजपट्टी ठरली, तीच इथे लागते. त्यातला एक निकाल तर आपल्याच राज्याचा आहे. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाने औषध निरीक्षक आणि सहाय्यक आयुक्त (औषधे) या पदांसाठी जाहिराती दिल्या. उमेदवारांची अर्हता, अनुभव आणि 'प्राधान्य' या शब्दांचा अर्थ यावर भांडण झाले, ते मुंबई उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. ३ मे २०१९ रोजी निकाल लागला. पदाला आवश्यक अर्हता कोणती हे नेमणूक करणाऱ्याने ठरवायचे. जाहिरात आणि नियम स्पष्ट असतील तर न्यायालय त्यात आपले शब्द घालणार नाही. जाहिरातच संदिग्ध असेल, तर प्रकरण परत नेमणूक करणाऱ्याकडेच जाईल. आणि प्राधान्य म्हणजे मूळ अर्हता नसलेल्याला आत घेण्याची खिडकी नव्हे.

या निकालातली मधली गोष्ट ग्रामपंचायत आणि पंचायत समितीतल्या मंडळींनी नीट ध्यानात घ्यावी. मोघम जाहिरात काढली की न्यायालय तुमच्यासाठी ती सोडवून देत नाही, फिरवून तुमच्याच टेबलावर पाठवते. तोवर वर्ष-दोन वर्षे जातात आणि उपकेंद्राची चटई गुंडाळलेलीच राहते.

उमेदवारांचा नेहमीचा युक्तिवाद असतो की, 'माझे शिक्षण तर मागितल्यापेक्षा जास्त आहे, मग मला बाद का केले?' हा ऐकायला बिनतोड वाटतो, कोर्टात मात्र दर वेळी टिकत नाही. डिसेंबर २०१८ मध्ये जम्मू-काश्मीरच्या एका तांत्रिक पदाच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की नियमात तशी तरतूद नसेल तर वरचे शिक्षण खालच्या अर्हतेची जागा आपोआप घेत नाही. ११ ऑगस्ट २०२३ चा निकाल तर घरोघरी माहीत आहे. बी.एड. झालेल्यांना पहिली ते पाचवीच्या शिक्षकपदासाठी पात्र ठरवणारी २०१८ ची अधिसूचना रद्द झाली. लहान मुलांना शिकवण्याचे शिक्षण डी.एड.मध्ये मिळते, पदवी मोठी असली तरी ते काम वेगळे, असा त्यामागचा विचार. योगातही हेच येते. २०१७ पासून योग हा विद्यापीठातील प्राध्यापकपदाच्या 'नेट' परीक्षेचा विषय आहे. पण योगाच्या तत्त्वज्ञानात एम.ए. केलेला माणूस गुडघेदुखीच्या साठ वर्षांच्या बाईला कोणते आसन देऊ नये हे सांगू शकेलच, असे त्या पदवीवरून ठरत नाही.

आमच्या शेती खात्यात याचा अनुभव कृषी सेवा केंद्रांच्या वेळी आला. वर्षानुवर्षे कीटकनाशके विकणाऱ्यांना २०१५ च्या नियमबदलाने एकदम शिक्षणाची अट लागली. कृषी किंवा रसायनशास्त्राची पदवी असे काही पाहिजे. वीस वर्षे गल्ल्यावर बसलेला माणूस रातोरात अपात्र! मग मुदती वाढत गेल्या, जुन्या विक्रेत्यांसाठी बारा आठवड्यांचा अभ्यासक्रम निघाला, कुणी 'देसी' पदविका केली. त्रास झाला, पण एक झाले की कुठला कागद चालेल आणि तो कोण देईल, हे छापील नियमात आले. माझ्या मते योगाला हेच हवे आहे. जुन्या जाणत्या शिक्षकाला मुदत आणि छोटी परीक्षा, नव्याला स्पष्ट अट.

उलट बाजूही आहे. अमेरिकेत व्हर्जिनिया राज्याने २००९ साली योगशिक्षक तयार करणाऱ्या वर्गांना सरकारी परवान्याची अट घातली. लहान वर्ग चालवणारे कोर्टात गेले आणि पुढच्याच वर्षी विधिमंडळाने त्यांना सूट दिली. तिथे सरकार खाजगी शिकवण्यावर बंधन घालत होते. आपल्याकडे प्रश्न सरकारच्या पैशाने नेमलेल्या माणसाचा आहे, तिथे अट हवीच. फक्त ती कामाला साजेशी हवी. एका वर्गाला २५० रुपये द्यायचे आणि पदव्युत्तर पदवी मागायची, हे काही पटणारे नाही.

दुसऱ्या प्रकारचा वाद नेमणुकीनंतर सुरू होतो. तीन-चार वर्षे वर्ग घेतले, आता नवी जाहिरात काढून नवी अट घातली, मग आमचे काय? इथे १० एप्रिल २००६ चा उमादेवी निकाल आड येतो. नियमित भरतीच्या मार्गाने न आलेल्या कंत्राटी माणसाला कायम होण्याचा हक्क नाही, असे घटनापीठाने सांगितले आहे. डिसेंबर २०२४ मध्ये केंद्रीय जल आयोगातल्या अर्धवेळ कामगारांना सर्वोच्च न्यायालयाने दिलासा दिला, पण ती माणसे वर्षानुवर्षे रोजचे, कायमच्या गरजेचे काम करत होती. दर वर्गामागे मानधन घेणाऱ्याची गाडी त्या रुळावर चढवणे अवघड आहे. म्हणून मानधनाच्या कामाला नोकरी समजून त्यावर कर्ज काढू नका, एवढे या मुलांना कुणीतरी सांगायला हवे.

मात्र भरती सुरू झाल्यावर मध्येच अट बदलली, तर उमेदवाराची बाजू भक्कम आहे. ७ नोव्हेंबर २०२४ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने स्पष्ट केले की, नियमात किंवा जाहिरातीत तशी मुभा नसेल तर सुरू झालेल्या भरतीत पात्रतेचे निकष मध्येच बदलता येत नाहीत. जाहिरातीत नव्हती ती अट यादी लावताना काढली, तर लेखी हरकत घ्या, पोच घ्या. आणि उमेदवारालाही तोच न्याय. अर्जाच्या शेवटच्या तारखेला प्रमाणपत्र हातात पाहिजे. 'परीक्षा दिली आहे, निकाल यायचा आहे' हे १९९७ पासून चालत नाही.

प्रमाणपत्र घेण्याआधी पैसे कुठे भरतो आहोत तेही बघा. विद्यापीठाची पदविका असेल तर त्या विद्यापीठाला आणि त्या अभ्यासक्रमाला विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्यता आहे का, हे तपासा. २००५ साली छत्तीसगडमधली शंभरावर खाजगी विद्यापीठे एका निकालाने गेली. २०१७ साली काही अभिमत विद्यापीठांच्या दूरशिक्षणातल्या अभियांत्रिकी पदव्या अडकल्या. पोरांनी फी भरली होती, अभ्यासही केला होता. आपल्याकडे नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आणि रामटेकचे कविकुलगुरू कालिदास संस्कृत विद्यापीठ ही राज्याची विद्यापीठे आहेत, चौकशी तिथून सुरू करावी.

उपकेंद्राच्या जन आरोग्य समितीचे अध्यक्षपद सरपंचाकडे असते आणि समुदाय आरोग्य अधिकारी सचिव असतो. नेमणूक जिल्ह्यावरून होत असली तरी वर्ग आपल्या चावडीपाशी भरतो. तेव्हा पुढच्या बैठकीत तीन गोष्टी विचारून घ्याव्यात. जाहिरातीत प्रमाणपत्र देणाऱ्या मंडळाचे किंवा विद्यापीठाचे नाव लिहिले आहे का? प्रात्यक्षिक घेणार का, आणि घेणार तर त्याला गुण किती? रक्तदाब, हृदयविकार, गरोदरपण असलेल्यांना काय करू द्यायचे नाही, हे उमेदवाराला विचारणार कोण? हे इतिवृत्तात लिहून तालुका आरोग्य अधिकाऱ्याकडे पाठवले, तर जाहिरात निघण्याआधी दुरुस्ती होऊ शकते. नंतर शुद्धिपत्रक, मग हरकती, मग याचिका. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच बसते, त्यामुळे सातारा, सांगली, सोलापूर आणि कोकणातल्या दोन जिल्ह्यांचा मुंबईचा हेलपाटा वाचला. पण वकिलाची फी महिन्याच्या पाच हजार मानधनातून भरायची म्हटली, तर ती कोल्हापुरातही परवडत नाही.