बोसा नोव्हा गिटार : मेजर स्केल घोटायची की मोजायची?



गिटार शिकवताना दोन टोकं दिसतात. कुठे मेजर स्केल महिनोन्‌महिने वरखाली घोटून घेतात; मूल कंटाळतं आणि गिटार कपाटावर जाते. कुठे व्हिडिओ बघून थेट गाणंच बसवतात. बोट कुठे ठेवायचं ते कळतं, का ठेवायचं ते कळत नाही. बोसा नोव्हा शिकवायचं असेल तर ही दोन्ही टोकं नडतात, असं माझं मत आहे.

बोसा नोव्हा ही ब्राझीलमधल्या रिओ दि जानेरो शहरात १९५० च्या दशकाच्या अखेरीस घडलेली शैली. जोआओ जिल्बर्टो यांचं हळू आवाजातलं गाणं आणि नायलॉनच्या तारांची गिटार ही तिची ओळख. तिच्यात वेगवान तानांना फारसं काम नाही. सूर आणि कॉर्ड यांचं नातं हाच तिचा जीव. म्हणून स्केल इथे पळायला नाही, मोजायला शिकायची.

आपल्या मुलांना हे सोपं जाईल. मेजर स्केल म्हणजे आपले सगळे शुद्ध स्वर. एकाच तारेवर २-२-१-२-२-२-१ अशी फ्रेटची अंतरं मोजत जा, सा ते सां तयार. आता एक सोडून एक स्वर घ्या. सा-ग-प-नि ही मेजर सेव्हन्थ कॉर्ड झाली. रे पासून रे-म-ध-सा, प पासून प-नि-रे-म. सा म्हणजे सी धरला तर याच सी मेजर सेव्हन, डी मायनर सेव्हन आणि जी सेव्हन. बोसा नोव्हात ही साखळी सतत भेटते, आणि तिन्ही कॉर्ड एकाच स्केलमधून निघाल्या!

पुढचा धडा गळ्याचा. मुलाला ‘ग’ धरून ठेवायला सांगा आणि तुम्ही कॉर्ड बदला. सा च्या कॉर्डवर तो तिसरा, ध च्या कॉर्डवर पाचवा, म च्या कॉर्डवर सातवा. सूर तोच, पण दर वेळी रंग वेगळा. जोबिम आणि मेंडोन्सा यांचा ‘एका सुराचा सांबा’ सुरुवातीला याच गमतीवर उभा आहे. सूर जागेवर राहतो, खालच्या कॉर्ड सरकतात. नुसती बोटं पाठ केलेल्या मुलाला ही गंमत कशी कळणार?

कोणी म्हणेल, बोसा नोव्हात स्केलबाहेरचेही सूर येतात. येतातच, या सांब्यातही आहेत. पण घरची माणसं ओळखीची असली की पाहुणा लगेच ओळखू येतो. आणि ताल? तो पहिल्या दिवसापासून हवा. अंगठा ठोक्यावर खालचा सूर देतो, तीन बोटं मिळून कॉर्ड छेडतात, कधी ठोक्याच्या जरा आधीच. दोनच कॉर्डवर रोज दहा मिनिटं करून घ्या.

ग्रेड परीक्षेसाठी स्केल वेगाने वाजवावी लागत असेल, तर तीही जरूर करा. फक्त तेवढ्यावर थांबू नका.

आणि पालकहो, ‘किती गाणी आली?’ हे विचारायचंच, पण सोबत एवढंही विचारा, ‘हा सूर या कॉर्डमधला कितवा?’ मूल थांबून, बोटांवर मोजून उत्तर देईल. ते मोजणं म्हणजेच शिकणं चालू आहे.