गायरानावरची सौरऊर्जा आणि भूमिहीनांचा सातबारा

ट्रॉम्बेचे औष्णिक वीज केंद्र १९५६ पासून मुंबईला उजेड देत आले; त्याचा धूर मात्र माहुल-चेंबूरच्या वस्त्यांनी झेलला. त्यामुळे धूर न सोडणाऱ्या सौरऊर्जेला आमचा विरोध असण्याचे कारण नाही. आमचा सवाल एवढाच की, ती कुणाच्या जमिनीवर उभी राहते? सिद्धार्थ कॉलनीतल्या, लाल डोंगरावरच्या अनेकांचे भाऊबंद आजही गावाकडे गायरान कसतात. म्हणून हा सवाल चेंबूरचाही आहे.

शेतीला दिवसा वीज देण्यासाठी राज्य सरकारने २०२३ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० आणली. हेतू चांगलाच आहे. पण एका मेगावॅटला चार-पाच एकर जमीन लागते आणि उद्दिष्ट हजारो मेगावॅटचे आहे. उपकेंद्राजवळची सलग सरकारी जमीन म्हटली की नजर गायरानावरच जाते.

आता हिशेब पाहा. खासगी जमीन देणाऱ्याला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडे. ग्रामपंचायतीला तीन वर्षे दरसाल पाच लाख. कंपनीला सरकारी जमीन नाममात्र दराने. आणि पिढ्यानपिढ्या तेच गायरान कसणाऱ्या बौद्ध, मातंग, पारधी कुटुंबाला? त्याच्यासाठी या हिशेबात रकानाच नाही. सातबाऱ्यावर नाव नाही, म्हणून तो 'अतिक्रमणधारक'!

हे नाव का नाही? ६ डिसेंबर १९६४ पासून दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांनी देशभर तुरुंग भरले. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने १ एप्रिल १९७८ ते १४ एप्रिल १९९० या काळातली मागासवर्गीय भूमिहीनांची अतिक्रमणे नियमित करण्याचे ठरले. तरीही कित्येकांचे दावे तहसीलच्या कपाटात धूळ खात पडले. अतिक्रमण हटवायचे म्हटले की अधिकारी सर्वोच्च न्यायालयाच्या २०११ च्या जगपालसिंग निकालाकडे बोट दाखवतात. मात्र त्याच निकालात भूमिहीन मजूर आणि अनुसूचित जाती-जमातींना शासनाने दिलेल्या पट्ट्यांचा अपवाद आहे, हे ते सांगत नाहीत.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. विजेचे खातेही त्यांच्याकडेच होते. १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये त्यांनी मूलभूत उद्योगांबरोबर शेतजमीनही राज्याच्या मालकीची करून ती जातिभेद न मानता गावकऱ्यांना कसायला द्यावी, असे मांडले. वीज हवी आणि जमीनही हवी, ही त्यांची भूमिका होती.

म्हणून आमची मागणी साधी आहे. आधी १९९१ चे दावे निकाली काढा, मग गायरान द्या. ज्या गायरानावर पॅनेल बसेल, तिथल्या कसणाऱ्यालाही सव्वा लाखाच्याच दराने भाडे द्या. गावोगावच्या कार्यकर्त्यांनी ग्रामसभेत ठराव येण्याआधीच दंडाच्या पावत्या, पीकपाहणीचे उतारे गोळा करून ठेवावेत. एकदा तारेचे कुंपण पडले की तीस वर्षे आत पाऊल टाकता येणार नाही.