उपग्रहाचा अंदाज आणि किनाऱ्यावरचे डोळे

रायपूरच्या पुरानी बस्तीपासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे. तरीही येथील खारून नदीचे पाणी शिवनाथ व महानदीमार्गे अखेर बंगालच्या उपसागरासच मिळते. समुद्राविषयी एका कीटकशास्त्रज्ञाने लिहावे, यास मात्र आणखी एक कारण आहे.

दिनांक ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराजवळ 'एमएससी चित्रा' आणि 'खलिजिया-३' या जहाजांची टक्कर झाली. 'चित्रा' कलंडले, शेकडो टन तेल सांडले आणि अनेक कंटेनर समुद्रात पडून वाहू लागले. जहाजावरील काही कंटेनरांत कीटकनाशके होती. ज्या रसायनांच्या सुरक्षित हाताळणीविषयी आपण शेतकरी मेळाव्यांत बोलतो, तीच खाडीच्या तोंडाशी येऊन ठेपली होती.

अशा वेळी उपग्रहाकडून अवास्तव अपेक्षा नको. पावसाळी ढगांतून साधा कॅमेरा पाहू शकत नाही. रडार पाहू शकते, पण त्यासही प्रत्येक पिंप दिसेलच असे नाही. उंचीमापक उपग्रह समुद्रपृष्ठाचे चढउतार मोजतात व त्यांवरून मोठ्या प्रवाहांचा वेग काढता येतो. ओशनसॅट मालिकेतील उपग्रह समुद्रावरील वारे मोजतात. अशा नोंदी गणिती प्रारूपांत घालून हैदराबादची 'इन्कॉईस' ही संस्था वाहत्या वस्तूंच्या मार्गाचा अंदाज देते. पाण्यावर उंच तरंगणाऱ्या कंटेनरास वारा ढकलतो, अर्धवट बुडालेल्यास प्रवाह नेतो. म्हणून हा अंदाज एका बिंदूचा नसून संभाव्य क्षेत्राचा असतो. त्यातही किनाऱ्यालगत उंचीमापन दुबळे पडते.

टोळधाडीत आपण हेच अनुभवले. मे २०२० मध्ये टोळ अमरावती व नागपूर जिल्ह्यांत आले, तेव्हा वाऱ्यावरून दिशा सांगता येत होती. थवा सायंकाळी कोणत्या शिवारात उतरला, हे मात्र शेतकऱ्यानेच सांगायचे होते.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे. अपघातग्रस्त जहाजावरील घातक मालाची यादी तत्काळ मराठीत जाहीर व्हावी. वाहत्या मालाचा अंदाज मच्छीमार सोसायट्यांपर्यंत आणि खारजमिनीच्या शेतकऱ्यांपर्यंत त्याच दिवशी पोहोचावा. किनारी तालुक्यांतील कृषी सहायकांस निरीक्षणाचे प्रशिक्षण मिळावे. अनोळखी पिंप आढळल्यास त्यास हात न लावता, दुरूनच स्थळ, वेळ व त्यावरील धोक्याचे चिन्ह कळवणे, एवढे जरी साधले तरी उपग्रहाचा अंदाज अधिक अचूक होईल आणि एखाद्याचा जीवही वाचेल.