‘मुलं बोलतच नाहीत’ ही ओरड आता पुरे

ऑनलाइन तासाला सर विचारतात, ‘‘समजलं का सगळ्यांना?’’ चॅटमध्ये ‘यस सर’ची रांग लागते आणि तास पुढे सरकतो. मग हेच सर तक्रार करतात, मुलं चर्चेत भागच घेत नाहीत. भाग कशात घ्यायचा? ज्याचं उत्तर आधीच ठरलेलं आहे, ती हजेरी झाली.

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये हे खपून गेलं, दिवसच तसे होते. आता सबब चालणार नाही. यूजीसीच्या २०२१ च्या नियमांनुसार एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत विषय ‘स्वयम्’वरून करता येतात. ‘स्वयम्’च्या रचनेतही व्हिडिओ, वाचनसाहित्य आणि चाचणी यांच्या जोडीला चौथा भाग शंका-चर्चेचाच आहे. पण चर्चेची जागा आखून दिली म्हणून चर्चा होत नाही. त्यासाठी प्रश्न लागतो.

कसला प्रश्न? आपल्या मोरा बंदराचंच घ्या. सातवीच्या भूगोलात भरती-ओहोटी आहे. स्लाइड येते: अमावस्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीला भांग. समजलं का? यस सर! त्याऐवजी विचारा: बंदरात गाळ आहे, म्हणून मोठ्या ओहोटीला भाऊच्या धक्क्याची लाँच काही तास बंद ठेवावी लागते. मग मुंबईच्या नातेवाईकांकडे जाताना खोळंबा होण्याची भीती रमजान ईदला जास्त, की बकरीदला?

शव्वालची १ तारीख अमावस्येला लागून येते. म्हणजे उधाणाचे दिवस, आणि उधाणात ओहोटीही खूप खाली जाते. जिल्हजची १० तारीख अष्टमीच्या जरा पुढे, भांगाच्या जवळ. पण हे सरांनी सांगायचं नाही. चांदाची तारीख दादीला ठाऊक असते, पाण्याची वेळ मच्छीवाल्या काकांना. मुलं घरात विचारतील, दोघांची उत्तरं जुळणार नाहीत, आणि तिथे चर्चा पेटेल. कुणी म्हणेल गाळ काढा, कुणी विचारेल, काढला तरी पुन्हा का साचतो?

आणि विचारल्यावर थांबा, कृपा करून. मेरी बड रो या अमेरिकन संशोधक बाईंनी १९७० च्या दशकात दाखवून दिलं की शिक्षक प्रश्नानंतर जेमतेम एक सेकंद थांबतात. तीन सेकंद थांबले तर उत्तरं लांबतात आणि एरवी गप्प असणारी मुलंही बोलू लागतात. हे समोरासमोरच्या वर्गाचं झालं. इथे म्यूट काढण्यातच तीन सेकंद जातात, नेट रुसलं असेल तर विचारूच नका.

यावर काही शिक्षकांचा रामबाण ठरलेला: ‘कॅमेरा चालू ठेवा.’ एका खोलीच्या घरात मागे अम्मी भाकऱ्या थापतेय, अब्बा रात्रपाळीहून येऊन झोपलेत, आणि ताईने वर्गाला सगळं घर दाखवायचं? ती कॅमेरा बंद ठेवते म्हणजे तिचं लक्ष नाही, हा निकाल कुणी दिला? तिला लिहू द्या, आवाज रेकॉर्ड करून पाठवू द्या, संध्याकाळी उत्तर देऊ द्या. ‘असर’च्या २०२१ च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या ६७.६ टक्के विद्यार्थ्यांच्या घरी स्मार्टफोन होता, पण त्यातल्या चौथ्या हिश्श्याहून अधिक मुलांना तो अभ्यासाला मिळत नव्हता. फोन घरी यायची वाट बघणाऱ्या मुलीला ‘आत्ताच्या आत्ता बोल’ म्हणणं हा नुसता अडाणीपणा आहे.

आपल्याकडे याहून जुनी रीत आहे. दर्स-ए-निजामीच्या मदरशांत उस्तादांचा सबक संपला की मुलं लहान लहान गटांत बसतात, एकजण तो सबक बाकीच्यांना पुन्हा समजावतो, बाकीचे त्याला अडवतात. याला ‘तकरार’ म्हणतात. आपल्या मराठीतली ‘तक्रार’ याच शब्दाची. साठ जणांच्या मीटिंगमध्ये हे होणार नाही. पाच-पाच जणांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर होईल, आणि त्याला कुणाची परवानगीही लागत नाही.

तोवर दोस्तांनो, एवढं करा. पुढच्या वेळी ‘समजलं का’ आलं की ‘यस सर’ टाइप करू नका. जे कळलं नाही, ते एका ओळीत लिहा. त्या रांगेत ती एकच ओळ वेगळी दिसेल आणि सरांना तिथे थांबावं लागेल.