ओसरी कुणाच्या नावावर?

मराठीत ‘ओटा’ हा शब्द आपण दोन जागांना लावतो. एक स्वयंपाकघरातला, दुसरा दारापुढचा. पहिल्या ओट्यापाशी बाईचा जन्म जातो. दुसऱ्यावर तिने कधी बसायचे, किती वेळ बसायचे आणि कुणी समोरून आले की केव्हा उठायचे, हे मात्र इतर लोक ठरवतात. घराच्या हक्काविषयी बोलताना आपण सात-बारा, नमुना आठचा उतारा, वारसा यांविषयी बोलतो. ते बोललेच पाहिजे. पण दारापुढच्या पाच फूट रुंदीच्या जागेविषयीही संघटनांनी आता बोलायला हवे, असे माझे ठाम मत आहे.

मी लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांतल्या बचतगटांबरोबर काम करते. गावोगाव घरकुले उभी राहत आहेत. घराच्या आखणीबद्दल बायकांना विचारले, की बहुतेकींच्या तोंडी ओसरी येतेच. घरातल्या पुरुषांचे उत्तरही ठरलेले असते, ‘पैसे उरले तर बघू.’ घर बांधून कुणाचे पैसे उरले आहेत? म्हणजे ओसरी होत नाही. झाली तरी वर्षभरात तिला भिंत घालून मुलासाठी पानटपरी काढतात, नाहीतर मोटारसायकल आणि खताची पोती तिथे येतात.

जुन्या ओसरीचे गोडवे गाण्यासाठी मी हे लिहीत नाही. मराठवाड्यातल्या वाड्याची ढाळज ही पुरुषांची बैठक होती. हिशेब तिथे, पंचायत तिथे, सोयरीक जुळवणे तिथे. ज्या मुलीची सोयरीक जुळत असे ती आत चुलीपुढे, आणि बाहेर पडायचे झाले तर पदर सावरून, कडेकडेने. दलित माणसाला तर त्या ढाळजेची पायरीही चढू दिली जात नसे. कोकणात ओटीवर पाहुणे आणि पुरुष बसत, बायका माजघरात आणि मागच्या पडवीत. पाळी आलेल्या बाईला ‘बाहेरची’ म्हणून जिथे बसवले जाई ती जागाही अनेक घरांत पडवीच होती. तेव्हा घराचा हा भाग कधीच निरागस नव्हता. जात आणि पुरुषसत्ता या दोन्ही तिथे पाय पसरून बसल्या होत्या. मला जुनी ढाळज परत नको आहे. घर नव्याने बांधताना ही जागाही नव्याने ठरवता येते, आणि ती बाईने ठरवावी, एवढेच माझे म्हणणे आहे.

आमच्या भागाला घर नव्याने बांधणे म्हणजे काय ते चांगले ठाऊक आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला. मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि त्यांवरची जड माळवदे झोपलेल्या माणसांवर कोसळली, हजारो माणसे गेली. त्यानंतर ५२ गावे पूर्णपणे नव्या जागी वसवली गेली. घराचे आकार जमिनीवरून ठरले : भूमिहीन आणि अल्पभूधारकांना २५० चौरस फूट, मधल्यांना ४००, मोठ्या शेतकऱ्यांना ७५०. घरे जुन्यापेक्षा मजबूत झाली, हे मोठेच काम होते. पण सरळ रेषेत आखलेल्या रुंद रस्त्यांवर सुटी सुटी चौकोनी घरे आली आणि अंगण, ओसरी, दोन घरांमधली सावलीची बोळ हे सारे नकाशातून गळाले. पुढच्या काळात लोकांनी आपापल्या पैशाने पुढे पत्रे टाकले, कूड घातले, कट्टे बांधले. नकाशात जे राहिले होते ते लोकांनी हातांनी भरून काढले.

त्याच पुनर्वसनात दुसरेही एक उदाहरण आहे. जी गावे हलवली नाहीत तिथे घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण झाले. त्या कामात ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’ या संस्थेच्या पुढाकाराने गावातल्या बायका संवाद सहाय्यक झाल्या. भिंतीत आरपार दगड का घालायचा, कोपरे कसे बांधायचे, हप्ता कशासाठी मिळतो, हे त्या शिकल्या आणि घरोघर सांगू लागल्या. बांधकामातले बायकांना काय कळते, या प्रश्नाला आमच्याच जिल्ह्यांनी तीस वर्षांपूर्वी उत्तर दिलेले आहे. ते उत्तर आपण विसरता कामा नये.

आता ओसरी कशाला हवी ते पाहू. पहिले कारण काम. सोलापूर, संगमनेर, सिन्नर या भागांत हजारो बायका घरी बसून विड्या वळत आल्या आहेत. गोधडी, शिवण, पापड, शेवया, डाळ निवडणे, भाजी जुड्या बांधणे ही सगळी कामे घरातच होतात. एका खोलीच्या घरात तंबाखूची धूळ, चुलीचा धूर आणि तान्हे मूल एकाच हवेत असतात. वर पत्रा, बाहेर बेचाळीस अंशांचे ऊन. अशा घरात ओसरी हाच बाईचा कारखाना असतो. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९९६ साली घरकामगारांविषयीचा १७७ क्रमांकाचा करार केला. घरात बसून मालकासाठी माल तयार करणारी बाई कामगार आहे, हे त्यात मान्य झाले. तिला कामगार मानायचे, तर तिच्या कामाच्या जागेला चैन कसे म्हणायचे?

दुसरे कारण बोलायला अवघड आहे. नवरा बाईला रात्री घराबाहेर काढतो तेव्हा ती जाते कुठे? आमच्या सल्ला केंद्रात येणाऱ्या कितीतरी जणी सांगतात, ‘रात्रभर ओट्यावर बसून होते.’ शेजारी बघतात आणि कड्या लावतात. त्यांना वाटते, ती अजून घरातच आहे, नवरा-बायकोचा मामला आहे. नवरा म्हणतो, ‘मी कुठे हाकलले? दारातच तर होती.’ कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा २००५ चा कायदा बाईला सामायिक घरात राहण्याचा हक्क देतो, मग ते घर तिच्या नावावर असो वा नसो. हा हक्क घरात, छताखाली, कडीच्या आत राहण्याचा आहे. उंबऱ्याबाहेर पहाटेची वाट बघत बसणे म्हणजे घरात राहणे नव्हे. जी जागा दिवसा तिला ‘शोभत नाही’, तीच रात्री तिची शिक्षा होते. हे उलटे करायचे आहे. दिवसा तिथे ती हक्काने बसेल, आणि रात्री तिला तिथे कुणी बसवणार नाही.

मैत्रिणी आक्षेप घेतील. गावात प्यायला पाणी नाही, संडासला दार नाही आणि तुम्ही ओसरी काय मागता? मी म्हणते, बाईच्या गरजांची अशी उतरंड लावत बसलो, की खालचे मडके कधीच हाती येत नाही. दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. ओसरीवरूनच सुनेवर नजर ठेवतात, कोण आले, कोण गेले, किती वाजता आली, याची नोंद तिथेच होते. होय, होते. ओसरी बांधल्याने पहारा संपत नाही. पण चार जणी तिथे एकत्र निवडत-शिवत बसू लागल्या, की पहारा करणारीही त्यांच्यात येऊन बसते, असे मी पाहिले आहे. सासूलाही जन्मभरात तशी जागा मिळालेली नसते.

आता करायचे काय ते सांगते. २०१६ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) मध्ये घराचे किमान क्षेत्र २५ चौरस मीटर, म्हणजे सुमारे २७० चौरस फूट धरले आहे. आधीच्या इंदिरा आवास योजनेत ते २० होते. मंजुरी बाईच्या नावे किंवा दोघांच्या नावे द्यायची आहे, आणि ठेकेदार लादायचा नाही, घर कुटुंबानेच बांधायचे आहे. म्हणजे कागदोपत्री मालकीण ती, मग आखणीच्या वेळी दोरी धरायलाही तीच हवी.

ओसरीचा निर्णय जोते भरतानाच झाला पाहिजे. आमच्याकडची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. मागाहून जोडलेले जोते वेगळे खचते आणि सांध्यावर तडा जातो. म्हणून पाया एकदमच घ्यावा, ओसरीचे खांब मुख्य घराला बांधून घ्यावेत, बारीक खांबांवर जड स्लॅब टाकू नये. पत्रा टाकला तर तो नीट आवळावा, वळवाचा वारा कुणाची गय करत नाही. पैसे आज नसतील तर छत पुढच्या वर्षी टाकता येईल, जोते मात्र आजच. शक्य तिथे तोंड पूर्वेला ठेवावे, दुपारनंतर सावली मिळते. एका बाजूला पायरीऐवजी उतार ठेवावा, म्हातारीला आणि अपंग मुलीला तो लागतो.

आणि संघटनांनी तीन गोष्टी कराव्यात. ग्रामसभेच्या आधी महिला सभा घेणे आपल्या राज्याच्या कायद्यातच आहे. त्या सभेत घरकुलाच्या नमुना नकाशांत ओसरी दाखवावी असा ठराव करून घ्यावा. राज्य शासनाने २००३ साली गावातल्या घरांच्या नोंदीत पती-पत्नी दोघांची नावे लावण्याचा निर्णय केला. आपल्या गावात किती घरांना ती लागली हे ग्रामपंचायतीत बसून मोजावे. आणि बचतगटाची बैठक मंदिरात किंवा शाळेच्या व्हरांड्यात न घेता दर महिन्याला एकीच्या ओसरीवर घ्यावी. त्या दिवशी तिथली मोटारसायकल बाहेर काढावी लागेल, पोती हलवावी लागतील, पत्ते खेळणाऱ्यांना उठावे लागेल. उठवायला अवघड वाटेल. सगळ्या मिळून गेलो तर तितके अवघड नाही.