गाडीसोबतचं लिंकिंग

गेल्या महिन्यात एका परिचितांचा लेख वाचला. नवी गाडी घेणाऱ्यांना त्यांचा सल्ला असा: शोरूममध्ये जी एक्सटेंडेड वॉरंटी देतात ती डोळे मिटून घ्या, कोटिंग करून घ्या, विमाही तिथेच उतरवा. आणि शेवटी निकाल दिला आहे की, जो लाखांची गाडी घेतो पण तिच्या रक्षणासाठी चार पैसे सोडत नाही, तो गाडीचा मालक व्हायच्या लायकीचा नाही.

एरवी मी हे वाचून सोडून दिलं असतं. पण त्याच आठवड्यात चिपळूणचा माझा भाचा पहिल्या गाडीचं कोटेशन घेऊन आला. कागद पुढे ठेवून म्हणाला, "मामा, सगळं पॅकेजमध्येच आहे. वेगळं काढता येत नाही म्हणाले." त्याने तो लेखही वाचला होता आणि त्याला तो पटलाही होता. त्यामुळे आता गप्प बसणं शक्य नाही.

या परिचितांचे मुद्दे पाच. एक, दहा लाखांच्या गाडीवर पन्नास हजार म्हणजे काहीच नाही. दोन, आजची गाडी म्हणजे चाकांवरचा संगणक, एक सुटा भाग गेला तरी कंबरडं मोडतं. तीन, वॉरंटी असली की गाडी विकताना भाव येतो. चार, मनःशांतीला मोल नसतं. पाच, डीलरलाही पोट आहे.

पहिला मुद्दाच सगळ्यांत जास्त विकला जातो, म्हणून आधी त्याचं बोलू. हा युक्तिवाद मी आयुष्यभर ऐकत आलो आहे. मुलीच्या लग्नात मांडववाल्याने केला, घर घेताना बिल्डरच्या माणसाने केला. "एवढं मोठं घर घेताय आणि ट्रॉलीच्या दोन लाखांना अडता?" मोठ्या आकड्याशेजारी ठेवला की कुठलाही आकडा लहान दिसतो. पण पन्नास हजारांची तुलना गाडीच्या किमतीशी करायचीच का? मेथीची दहाची जुडी कोणी पंधराला देऊ लागलं, तर आपण ते पाच रुपये आपल्या पगाराशी ताडून बघत नाही, शेजारच्या टोपलीतल्या भावाशी बघतो. मग गाडीच्या टेबलावर बसल्यावर ही साधी अक्कल आपण बाहेर चपलांसोबत का काढून ठेवायची?

भाच्याचा कागदच घ्या. एक्सटेंडेड वॉरंटी १९,५०० रुपये. टेफ्लॉन कोटिंग १४,०००. मॅट, सीट कव्हर, मडफ्लॅप वगैरेंचं 'एसेन्शियल किट' ८,५००. अंडरबॉडी कोटिंग ६,०००. बेरीज ४८,००० रुपये. त्याखाली सेल्समनने पेनाने लिहिलेलं: हप्त्यात फक्त ७८५ रु. वाढ. त्या 'फक्त' खाली दोन रेघा मारल्या होत्या.

कर्ज सात वर्षांचं, व्याज साडेनऊ टक्के. ७८५ ला ८४ ने गुणा. ६५,९४० रुपये होतात. म्हणजे ४८ हजारांच्या वस्तूंवर जवळजवळ १८ हजार रुपये नुसतं व्याज. सीट कव्हर तिसऱ्या पावसाळ्यात उसवेल, त्याचा हप्ता सातव्या वर्षापर्यंत चालेल. आणि वॉरंटी? गाडीवर कंपनीची मूळ वॉरंटी तीन वर्षांची किंवा एक लाख किलोमीटरची आहे. विकत घेतलेली वॉरंटी चालू होणार चौथ्या वर्षी. तोवर ३६ हप्त्यांत तिच्यापोटी साडेअकरा हजारांच्या आसपास रुपये भाच्याने भरलेले असतील, आणि त्या ३६ महिन्यांत ती वॉरंटी एक नटसुद्धा बदलून देणार नाही. जे परिचित पन्नास हजारांना 'काहीच नाही' म्हणतात, त्यांनी हा गुणाकार एकदा स्वतः करून बघावा. महिन्याला पगारातून हप्ता भरणाऱ्या मुलाच्या घरी ही रक्कम काहीच नाही अशी नसते. त्यात त्याच्या आईच्या औषधांचं वर्ष निघतं.

अजून पुढे जाऊ. त्याच कागदावर विमा होता ४३,००० रुपयांचा. झिरो डेप्रिसिएशनसह तेच संरक्षण, गाडीची तीच विमा किंमत, बाहेर ३१,००० ला मिळालं. हा फरक कुठून आला? नव्या गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने सप्टेंबर २०१८ पासून सक्तीचा आहे. त्याचा दर ठरलेला आहे: १००० ते १५०० सीसीच्या खाजगी गाडीला तीन वर्षांचे १०,६४० रुपये, वर जीएसटी. शोरूममधून घ्या नाहीतर घरबसल्या घ्या, त्यात रुपयाचा फरक पडत नाही. म्हणजे बारा हजारांचा सगळा फरक उरलेल्या भागात, गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या विम्यात होता. आणि विमा कुठून घ्यायचा हे ग्राहकाने ठरवायचं असतं, डीलरने नाही. ही एक ओळ त्या लेखात असती, तर मी लेखणी उचललीच नसती.

"वेगळं काढता येत नाही" हे वाक्य माझ्या ओळखीचं आहे. शेतकऱ्याला विचारा. हंगामात युरियाची गोणी हवी असेल तर सोबत विद्राव्य खताची पिशवी घ्या, नाहीतर सूक्ष्म अन्नद्रव्याची बाटली घ्या. नको म्हटलं की युरिया संपलेला असतो. याला गावाकडे लिंकिंग म्हणतात, आणि त्यावर मी पूर्वी लिहिलं तेव्हा मला हेच उत्तर मिळालं होतं की दुकानदारालाही पोट आहे. त्याच्याही आधी, गॅसचं कनेक्शन मिळणं हाच घरातला सण होता त्या काळात, वितरकाने सिलिंडरसोबत शेगडी गळ्यात मारली होती. घरी चालती शेगडी होती. मी अडून बसलो, तर तो म्हणाला, "साहेब, सगळे घेतात." सगळे घेत होते, कारण नको म्हणणाऱ्याचा नंबर मागे जात होता. वस्तू बदलल्या, वाक्य तेच आहे. टंचाईच्या काळात स्कूटरसाठी वर्षानुवर्षं थांबलेल्या पिढीने हे सोसलं हे समजू शकतो. आज एकाच रस्त्यावर चार कंपन्यांची शोरूम आहेत, तरी आपण रांगेत उभं असल्यासारखे का वागतो?

कायदा याला काय म्हणतो तेही सांगतो. एक वस्तू हवी तर दुसरी घ्यावीच लागेल अशी अट घालणं ही ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार निर्बंधात्मक व्यापारी प्रथा आहे. त्याविरुद्ध जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं, १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार करता येते. भाच्याने नुसतं एवढंच म्हटलं, "वेगळं होत नाही हे मला लेखी द्या." कोणी लेखी दिलं नाही. पॅकेज मात्र पंधरा मिनिटांत सुटं झालं.

बाकीच्या मुद्द्यांना फार जागा लागत नाही. गाडी संगणकासारखी झाली, कबूल; पण देशातल्या सर्वांत मोठ्या कार कंपनीने जुलै २०२४ मध्ये आपली मूळ वॉरंटी दोन वर्षं-४०,००० किलोमीटरवरून तीन वर्षं-एक लाख किलोमीटरवर नेली, ती काही गाड्या जास्त बिघडू लागल्या म्हणून नव्हे. विकताना भाव येतो तो शिल्लक वॉरंटीला; पाच वर्षांची घेऊन सहाव्या वर्षी गाडी विकणाऱ्याच्या हातात काय शिल्लक असतं? डीलरचं पोट मला मान्य आहे, पण ते गाडीच्या किमतीत उघड लिहावं, कोटिंगच्या फवाऱ्यात लपवू नये. आणि कोटिंगचंच बोलायचं तर, आजच्या गाडीचा सांगाडा कारखान्यातच विजेच्या प्रवाहाखाली गंजरोधक प्रायमरच्या टाकीत बुडवून काढलेला असतो. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात रोज उभी राहणारी गाडी असेल तर वरचा थर विचारात घ्यावा. तोही पाणी निचरायची खालची भोकं बुजवून मारला, तर फायद्याऐवजी गंजच वाढतो.

मनःशांतीवर मात्र थांबायला हवं, कारण ती माझ्याकडे होती. माझ्या आधीच्या गाडीला मी वाढीव वॉरंटी घेतली होती आणि त्याच शोरूममध्ये मागचा कॅमेराही बसवून घेतला होता. तिसऱ्या वर्षी एका संध्याकाळी डॅशबोर्डखालून जळकट वास आला आणि मागचे सगळे दिवे गेले. वर्कशॉपमध्ये सर्व्हिस अ‍ॅडव्हायझरने खालचं पॅनेल काढून टॉर्च मारला. कंपनीच्या वायरचं आवरण ब्लेडने सोललेलं होतं, उघड्या तारेला दुसरी तार बोटांनी पिळलेली, वर काळी टेप. उन्हाने टेपचा डिंक वितळून ती एका टोकाला लोंबत होती. "बाहेरची फिटिंग आहे. क्लेम बसणार नाही." मी म्हटलं, अहो, बाहेरची कशी? ती इथेच बसवली आहे. बिल काढून दाखवलं. बिलावर पत्ता तोच होता, फर्मचं नाव निराळं. ज्या हाताने वॉरंटी विकली त्याच हाताने ती रद्द होईल असं काम केलं, आणि दोन्हीचे पैसे माझ्याकडून घेतले. तेव्हा मनःशांती विकत घ्या असं मला कोणी सांगू नये. आधी वगळलेल्या गोष्टींची यादी वाचा. क्लच प्लेट, ब्रेक पॅड, वायपर, बल्ब, बॅटरी, टायर, रबराचे पाइप, म्हणजे सर्वसाधारण गाडीत जे खरोखर जातं ते बहुतेक सगळं 'झीज' या एका शब्दाखाली सहसा वगळलेलं असतं. ठरलेल्या मुदतीत अधिकृत ठिकाणी एक जरी सर्व्हिस चुकली तरी हात वर करायला जागा ठेवलेली असते.

मग काहीच घेऊ नये का? तसं मी म्हणत नाही. जे नुकसान झालं तर घर हलेल, त्याचा विमा उतरवावा. जे झालं तर एखादा महिना ओढाताण होईल, त्यासाठी पैसे बाजूला टाकावेत. १९,५०० रुपये रिकरिंगमध्ये टाकले तर ते आपलेच राहतात, बिघाड झाला नाही तरीही. ज्याची गाडी ऑटोमॅटिक आहे, वर्षाला वीस-पंचवीस हजार किलोमीटर पळते आणि सात-आठ वर्षं ठेवायची आहे, त्याने वाढीव वॉरंटी जरूर घ्यावी. ती कारखानदार कंपनीचीच घ्यावी, वगळलेल्या भागांची यादी वाचून घ्यावी, आणि शक्य तिथे मूळ वॉरंटी संपायच्या आधी घ्यावी. बहुतेक कंपन्या ही मुभा देतात. उशिरा घेतली तर दर थोडा चढतो, पण तोवर गाडी कशी निघाली हे कळलेलं असतं. पहिल्या पाच वर्षांत झिरो डेप्रिसिएशन घ्यावं, कारण ते नसेल तर प्लास्टिक आणि रबराच्या भागांची निम्मी किंमत दाव्यातून कापली जाते, आणि आजचा बंपर प्लास्टिकचाच असतो.

आणि एक नियम इथे यावा असं मला मनापासून वाटतं. गाडी चोरीला गेली तर विम्याची भरपाई आणि खरेदीची किंमत यांच्यातला फरक देणारा एक जोडविमा ब्रिटनमधले डीलर विकत. तिथल्या नियामकाने २०१५ पासून बंधन घातलं की तो गाडीच्या सौद्याच्या दिवशी विकायचा नाही. माहिती द्यायची आणि मध्ये पूर्ण दोन दिवस जाऊ द्यायचे. त्याच नियामकाने २०२४ च्या फेब्रुवारीत सांगितलं की या विम्याच्या हप्त्यांपैकी अवघे ६ टक्के दाव्यांच्या रूपाने ग्राहकांकडे परत जात होते, आणि काही कंपन्या ७० टक्क्यांपर्यंत कमिशन वाटत होत्या. आपल्याकडे असा नियम होईपर्यंत तो आपणच पाळावा. गाडी एका दिवशी ठरवावी, जोडवस्तू दोन दिवसांनी, घरी बसून.

भाच्याने तेच केलं. दोन दिवसांनी कागद समोर घेतला आणि तेव्हा आम्हाला दिसलं की त्यात काय नाही. ४८ हजारांच्या त्या यादीत आणि ४३ हजारांच्या त्या विम्यात इंजिन प्रोटेक्ट कुठेच नव्हतं. पुराच्या पाण्यात बंद पडलेली गाडी चालू करायला गेलं आणि सिलिंडरमध्ये पाणी शिरून रॉड वाकला, तर साध्या विम्यात ते नुकसान सहसा बसत नाही. त्यासाठीच हा जोड असतो, आणि तो काही हजारांत मिळतो. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं, तेव्हा माझ्या बहिणीच्या गल्लीत एकही गाडी कोरडी राहिली नाही. तिच्या ओटीच्या भिंतीवर दोनदा रंग दिला, तरी त्या पाण्याची रेघ अजून खालून उमटते. गाडी त्या भिंतीला लागूनच उभी राहणार आहे.

भाच्याने इंजिन प्रोटेक्ट मागितलं, तेव्हा सेल्समन म्हणाला, "हे कोणी मागत नाही, सर." मुलगा चांगला होता, खोटं बोलत नव्हता. कोणी मागत नाही, कारण कोणी सांगत नाही. माझ्या परिचितांनी त्या लेखात जे सांगायला हवं होतं, ते हे होतं.