आधीच सांगून ठेवा

शेगावी गजानन महाराजांनी 8 सप्टेंबर 1910 रोजी, ऋषिपंचमीला समाधी घेतली. दिवस आणि जागा त्यांनी भक्तांना आधीच सांगितली होती, असं परंपरा मानते. ही कथा बुलढाणा जिल्ह्यात घराघरांत सांगितली जाते. पण वडिलांनी स्वतःच्या अंत्यविधीचा विषय काढला, की ‘अभद्र बोलू नका’ म्हणून त्यांना गप्प केलं जातं. मला हे गप्प करणं क्रूर वाटतं. तेराव्याच्या जेवणासाठी कर्ज काढू नका, हे जाणाऱ्यानेच सांगितलेलं असेल, तर भावकीपुढे मुलगा ताठ उभा राहू शकतो.

नुसतं मृत्युपत्रात लिहून भागत नाही. ते बहुधा क्रियाकर्म उरकल्यावरच उघडतात. नेत्रदान तर मृत्यूनंतर साधारण सहा तासांत व्हावं लागतं. देहदानाचा अर्ज भरला असला, तरी ऐनवेळी वैद्यकीय महाविद्यालयाला फोन नातेवाइकांनीच करायचा असतो. त्यांचं मन तयार नसेल, तर अर्ज कपाटातच राहतो.

कोणाला कळवायचं, कोणते विधी हवेत, कोणते नकोत, खर्चाचे पैसे कुठे आहेत, एवढं एका कागदावर लिहा. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितरांची घागर भरायला सगळे जमतात, तेव्हा तो कागद सुनांसकट सर्वांसमोर मोठ्यानं वाचा.